पगार दाखवा, जोडीदार आणा

अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर नोकरी करणारा पुण्याचा इंजिनियर कायद्याच्या दृष्टीने तात्पुरता पाहुणा असतो. नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान आवरायचं. पण त्याचं लग्न झालं की बायकोला एच-फोर व्हिसा मागता येतो, आणि असे व्हिसा वर्षाला किती द्यायचे यावर बंधन नाही. अर्ज मंजूर झाला की ती विमानात बसू शकते. त्याच कंपनीतल्या दुसऱ्या इंजिनियरकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणजे तो तिथला कायमचा रहिवासी आहे. त्याने ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर नागपूरला येऊन लग्न केलं, तर बायकोसाठी त्याला ‘एफ-टू-ए’ या वर्गात अर्ज करून नंबर लावावा लागतो. या वर्गातल्या जोडीदारांना आणि लहान मुलांना मिळून साऱ्या जगासाठी वर्षाला साधारण ८८ हजार व्हिसा राखलेले आहेत. मागणी कमी असते तेव्हा ही रांग नावापुरती उरते. वाढते तेव्हा ती पाच वर्षांपर्यंत लांबलेली आहे. देशाने ज्याला तात्पुरतं ठेवून घेतलं त्याचा संसार लगेच सुरू होतो, आणि ज्याला कायमचं आपलं म्हटलं त्याने बायकोला फोनवरच भेटत राहायचं.

सर्वसाधारण समज असा, की जोडीदाराच्या व्हिसासाठी नात्याची परीक्षा होते. लग्न खरं आहे का, दोघं एकमेकांना ओळखतात का, एकत्र राहणार आहेत का, हे पाहिलं जातं. ही परीक्षा होतेच. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीला जाणाऱ्या नव्या नवरीच्या फाइलमध्ये विवाह नोंदणीचा दाखला असतो, लग्नपत्रिका असते, सप्तपदीपासून रिसेप्शनपर्यंतचे फोटो असतात. पण त्याच फाइलमध्ये नवऱ्याच्या व्हिसाचं मंजुरीपत्र, कंपनीचं पत्र आणि पगाराच्या स्लिपाही असतात, आणि हे दुसरे कागद नसतील तर पहिल्यांचा काही उपयोग होत नाही. या प्रकरणाचं म्हणणं असं आहे, की देश जोडीदाराला आत घेताना मुख्यतः आधी आत आलेल्या माणसाची किंमत करतो. तो देशाला किती हवासा आहे, यावर त्याच्या बायकोला किंवा तिच्या नवऱ्याला किती लवकर, कोणत्या अटींवर आणि कोणत्या दर्जाने यायला मिळेल हे ठरतं. आणि ही पद्धत टिकवण्यासाठी जी कारणं दिली जातात, त्यांतली बरीचशी पुराव्यापुढे उभी राहत नाहीत.

जोडीदारासाठी परवानगी मागावी लागणं ही तुलनेने नवी गोष्ट आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला त्यांना पदवी मिळाली, तेव्हा पोस्टात कारकुनी केलेले गोपाळरावही तिथे पोचले होते. बायको आधी आणि नवरा मागून, अशा या प्रवासात गोपाळरावांना ना व्हिसा लागला, ना बायकोची मिळकत दाखवावी लागली. अडचण होती ती भाड्याच्या पैशांची आणि समुद्रपर्यटनाविषयीच्या इकडच्या लोकांच्या बोलण्याची. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत चित्र पालटलं. कॅनडाने १९०८ मध्ये मायदेशापासून थेट, न थांबता प्रवास करून येणाऱ्यांनाच प्रवेश देण्याचा नियम केला आणि हिंदी लोकांची वाट जवळपास बंद केली. आधी गेलेल्या पंजाबी मजुरांना बायकामुलं आणण्याची मुभा मिळायला १९१९ साल उजाडावं लागलं. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाचा मोठा पट्टाच वर्ज्य ठरवला आणि तो अडसर १९४६ पर्यंत राहिला. मधल्या काळात कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल व्हॅलीत शेती करणाऱ्या पंजाबी पुरुषांपैकी अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्नं केली, कारण गावी जाऊन संसार थाटला तर परत येण्याची खात्री नव्हती आणि बायकोला आणण्याची सोय नव्हती. त्या नियमांमागचा हिशोब उघड होता. शेतात, लाकडाच्या गिरणीत आणि रेल्वेमार्गावर राबणारे हात हवे होते, पण त्या हातांमागचं घर नको होतं. बायको आली की मूल होणार, मूल झालं की शाळा लागणार, आणि मग ही माणसं जाणार नाहीत, हे सरकारांना नीट कळलेलं होतं.

दक्षिण आफ्रिकेत हाच प्रश्न आंदोलनाला कारण झाला. मार्च १९१३ मध्ये केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी असा निकाल दिला, की ज्या धर्मांत एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे त्या धर्मांच्या विधींनी लागलेलं लग्न तिथल्या कायद्याच्या लेखी लग्न नाही. प्रकरण हिंदुस्थानातून नवऱ्याकडे निघालेल्या एका मुस्लिम स्त्रीच्या प्रवेशाचं होतं, पण निकालाचा अर्थ हिंदू आणि पारशी बायकांनाही लागू होत होता. एका ओळीत हजारो बायकांचं पत्नीपण पुसलं गेलं. गांधीजींच्या सत्याग्रहात स्त्रिया मोठ्या संख्येने उतरल्या त्यामागे हा निकाल हे एक मुख्य कारण होतं. कस्तुरबा त्या सप्टेंबरमध्ये व्होल्क्सरस्टला सीमेचा कायदा मोडून पकडल्या गेल्या आणि त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. आदल्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून आलेले गोपाळ कृष्ण गोखले इकडे या लढ्यासाठी निधी जमवत होते. १९१४ च्या कायद्याने अखेर एका पत्नीला मान्यता दिली. या प्रसंगाचं महत्त्व असं, की वरवर पाहता वाद लग्नाच्या व्याख्येचा होता, पण गोऱ्या वसाहतवाल्यांच्या बहुपत्नीत्वाविषयीच्या चिंतेतून तो निघालेला नव्हता. ऊस आणि कोळशासाठी आणलेली माणसं तिथे कायमची रुजू नयेत, हे त्यामागचं धोरण होतं. लग्नाचा विधी ही त्या धोरणाला सापडलेली सोयीची फट होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगार हवे होते आणि राष्ट्रकुलातून ते आले. १९६२ च्या कायद्याने नव्या कामगारांवर निर्बंध घातले, तरी आधी आलेल्यांच्या बायका आणि सोळा वर्षांखालील मुलं येऊ शकत होती. म्हणून पुढचा सगळा भर या उरलेल्या दारावर आला. १९६९ पासून बायकामुलांना मायदेशातच प्रवेशाचा दाखला मिळवणं सक्तीचं झालं, आणि उपखंडातल्या ब्रिटिश कचेऱ्यांपुढे महिनोन्‌महिन्यांच्या रांगा लागल्या. नियोजित वधूला मात्र असा दाखला लागत नसे. येऊन तीन महिन्यांत लग्न केलं की झालं. त्यामुळे विमानतळावरच्या अधिकाऱ्यांना संशय येई, की ही आधीच लग्न झालेली बायको असून रांग टाळायला वधू म्हणून आली आहे. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पस्तीस वर्षांच्या एका भारतीय शिक्षिकेची, ती ‘खरोखर’ अविवाहित आहे का हे पाहण्यासाठी, डॉक्टरकडून कौमार्य तपासणी करण्यात आली. ‘द गार्डियन’ने ही बातमी छापल्यावर दोन्ही देशांत गहजब झाला आणि ती पद्धत बंद केल्याचं सरकारने जाहीर केलं. पुढे सरकारी दप्तरं खुली झाल्यावर संशोधकांना दिसलं, की अशा तपासण्या किमान ऐंशी स्त्रियांच्या झाल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक उपखंडातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतच झाल्या होत्या. रांग टाळणाऱ्या चार जणी शोधण्यासाठी एक आधुनिक राज्य कुठपर्यंत जाऊ शकतं, हे यातून कळतं.

ब्रिटनची पुढची वाटचाल नवऱ्यांभोवती फिरते. परक्या बायका नोकरी करणार नाहीत, परके नवरे करतील, म्हणून नवऱ्यांवर कडक अटी, असा सरळ हिशोब होता. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे स्थायिक झालेल्या तीन स्त्रियांनी त्याविरुद्ध स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली. मे १९८५ च्या निकालात न्यायालयाने स्त्री-पुरुष भेदभाव मान्य केला. मात्र जोडप्याने कोणत्या देशात राहायचं याची निवड मान्य करण्याचं सरसकट बंधन कोणत्याही देशावर नाही, असंही सांगितलं. ब्रिटिश सरकारने निकाल पाळला, पण तो अशा रीतीने, की नवऱ्यांवरच्या अटी सैल करण्याऐवजी त्या बायकांनाही लावल्या. त्यांतली सर्वांत जाचक अट ‘मुख्य उद्देशा’ची होती. आपलं लग्न ब्रिटनमध्ये शिरण्याच्या मुख्य उद्देशाने झालेलं नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचं. ठरवून झालेल्या लग्नात हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं. मुलगी बर्मिंगहमची आहे हे स्थळ बघताना विचारात घेतलं का, या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं तर अर्ज गेला, ‘नाही’ म्हटलं तर अधिकाऱ्याचा विश्वास बसत नाही. हा नियम जून १९९७ मध्ये रद्द झाला, आणि पंधरा वर्षांनी त्याची जागा पैशाने घेतली.

जुलै २०१२ पासून परक्या जोडीदाराला आणू पाहणाऱ्या ब्रिटिश नागरिकाला वर्षाला १८,६०० पौंड मिळकत दाखवावी लागू लागली. एप्रिल २०२४ मध्ये ही रक्कम २९,००० पौंड झाली. या आकड्याचा अर्थ असा, की त्या वेळच्या किमान वेतनावर आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे राबणाऱ्याची मिळकत २३,८०० पौंडांच्या आसपास जाते. म्हणजे सरकारनेच पुरेसं म्हणून ठरवलेलं वेतन घेणारा ब्रिटिश माणूस परदेशी जोडीदाराबरोबर स्वतःच्या देशात राहू शकत नाही. पुरावाही ठराविकच लागतो. नोकरी तीच चालू असेल तर सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि त्याच सहा महिन्यांची बँकेची विवरणं, दोन्हींतले आकडे जुळणारे. येणाऱ्या जोडीदाराला मायदेशी कितीही पगार असला, तरी पहिल्या अर्जात तो धरत नाहीत. पगार कमी पडत असेल तर बचत दाखवता येते, पण केवळ बचतीवर भागवायचं तर ८८,५०० पौंड लागतात. आता याच देशात, २०१२ नंतरच्या वर्षांत, युरोपीय संघाच्या नागरिकांना कोणता नियम होता ते पाहा. ब्रिटनमध्ये कामाला आलेली पोलिश किंवा स्पॅनिश व्यक्ती ब्रेक्झिटपूर्वी आपल्या परदेशी जोडीदाराला अशी कोणतीही मिळकतीची रक्कम न दाखवता आणू शकत होती, कारण तिचा हक्क युरोपीय कायद्यातून आलेला होता.

या विसंगतीतून एक विलक्षण वाट निघाली आणि तिला एका भारतीयाचं नाव मिळालं. सुरिंदर सिंग यांचं एका ब्रिटिश स्त्रीशी लग्न झालं होतं. दोघं काही वर्षं जर्मनीत नोकरी करून ब्रिटनला परतले, आणि सुरिंदर सिंग यांच्या राहण्याचा प्रश्न युरोपीय न्यायालयात गेला. जुलै १९९२ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की संघातल्या दुसऱ्या देशात काम करून परतणाऱ्या नागरिकाला स्वदेशी परतताना, दुसऱ्या युरोपीय देशात जाताना मिळतात त्याहून कमी हक्क मिळता कामा नयेत. २०१२ नंतर या निकालाचा आधार घेऊन अनेक ब्रिटिश नागरिक आयर्लंडसारख्या जवळच्या देशात काही महिने नोकरी करत, जोडीदाराला तिथे बोलावत आणि मग दोघं मिळून ब्रिटनला येत. वकिलांमध्ये आणि अर्जदारांमध्ये याला ‘सुरिंदर सिंग मार्ग’ असंच म्हणत. डेन्मार्कने २००२ मध्ये दोघांचंही वय किमान चोवीस असण्याची अट घातली, तेव्हा तरुण डॅनिश जोडपी खाडीवरच्या पुलापलीकडे स्वीडनच्या माल्मो शहरात राहायला गेली आणि कामाला रोज कोपनहेगनला येऊ लागली. जर्मनीने २००७ मध्ये येणाऱ्या जोडीदाराला आधी जर्मन भाषेची परीक्षा सक्तीची केली, पण पुढे ब्लू कार्ड घेऊन आलेल्या उच्चशिक्षित नोकरदारांच्या जोडीदारांना तीतून सूट दिली. एखाद्या हॉटेलातल्या आचाऱ्याच्या बायकोला जर्मन येणं आवश्यक आणि संगणक तज्ज्ञाच्या बायकोला अनावश्यक, याला भाषेच्या बाजूने काही समर्थन देता येत नाही. त्याचं स्पष्टीकरण नवऱ्यांच्या बाजारभावातच सापडतं.

ब्रिटनमधली आणखी ताजी गोष्ट वृद्धांची सेवा करणाऱ्या कामगारांची आहे. माणसं कमी पडली म्हणून त्यांना बाहेरून बोलावण्यात आलं. भारतातूनही मोठ्या संख्येने गेले. ११ मार्च २०२४ पासून या कामासाठी नव्याने येणाऱ्यांना नवरा, बायको किंवा मुलं बरोबर आणायला बंदी झाली. रुग्णालयातल्या नर्सला किंवा बँकेतल्या विश्लेषकाला मात्र ती मुभा राहिली. आखाती देशांत हे सगळं अधिक उघडपणे चालतं. संयुक्त अरब अमिरातीत कुटुंब आणायचं तर महिना ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची जागा, अशी अट आहे. रत्नागिरी-रायगडातून गेलेला, कंपनीच्या छावणीत एका खोलीत सहा-आठ जणांबरोबर राहणारा वेल्डर किंवा ड्रायव्हर या अटीत बसत नाही. सौदी अरेबियाने २०१७ मध्ये प्रत्येक कुटुंबीयामागे महिना १०० रियाल शुल्क सुरू केलं आणि ते दरवर्षी वाढवत २०२० पर्यंत ४०० वर नेलं. अनेक भारतीयांनी तेव्हा बायकामुलांना गावी पाठवलं. खेड-चिपळूणच्या गावांत नवरा दोन वर्षांनी सुटीवर येतो, हे कोणी आवडीने निवडलेलं नाही. ती पगाराच्या एका रेषेची किंमत आहे.

अमेरिकेकडे परत येऊ. एच-वन-बीवाल्याला झुकतं माप मिळतं ते कंपन्यांमुळे. तरुण इंजिनियर हवा असेल तर त्याची बायकोही येऊ द्यावी लागेल, हे कंपन्या जाणतात. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोसाठी भांडणारं तितकं ताकदवान कोणी नाही. या रचनेमुळे लग्नाच्या तारखेलाही कायद्यात वजन आलं आहे. नोकरीच्या वर्गात ग्रीन कार्ड मिळण्याच्या आदल्या दिवशी जरी लग्न झालेलं असेल, तरी बायकोला ‘पाठोपाठ येणारी’ म्हणून वेगळ्या रांगेशिवाय ग्रीन कार्ड मिळू शकतं. तेच लग्न दुसऱ्या दिवशी लागलं तर एफ-टू-ए. म्हणून अशा घरांतून समारंभ पुढे ढकलला तरी चालतो, पण नोंदणी विवाह आधी उरकून घेतात. शिवाय एच-फोरची सोय मिळते तीही अर्ध्या दर्जाची. ती बायको राहू शकते, शिकू शकते, पण पूर्वी नोकरी अजिबात करू शकत नसे. मे २०१५ पासून, नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत पोचला असेल तरच तिला कामाचा परवाना मिळू लागला. हा परवाना घेणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक भारतीय आणि जवळपास तितक्याच प्रमाणात स्त्रिया असल्याचं सरकारी आकडेवारीतून दिसलं. पुण्या-मुंबईत चार-पाच वर्षं नोकरी केलेली मुलगी तिथे स्वतःच्या बळावर साधा परवानाही मागू शकत नाही. तिचं राहणं, कमावणं, सगळं नवऱ्याच्या कागदाला टांगलेलं. त्याची नोकरी गेली की तिचा दर्जा गेला, घटस्फोट झाला तरी गेला. छळ होत असेल तर हीच टांगणी हत्यार बनते.

आता आक्षेप पाहू. पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप खोट्या लग्नांचा. खोटी लग्नं होतात, पैसे घेऊन होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. १९८५ मध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने संसदेसमोर सांगितलं, की जोडीदाराच्या अर्जांपैकी तीस टक्के लग्नं बनावट असावीत. त्या आकड्याच्या जोरावर १९८६ चा कायदा झाला, आणि लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर परक्या जोडीदाराला आधी दोन वर्षांचंच सशर्त कार्ड द्यायचं ठरलं. पुढे एका खटल्यात त्या आकड्याची छाननी झाली तेव्हा कळलं, की तो शाबीत झालेल्या फसवणुकीचा नव्हता; तो तपासनिसांना आलेल्या संशयाचा होता आणि त्याचं सर्वेक्षणही संख्याशास्त्रात बसणारं नव्हतं. कायदा मात्र राहिला. दोन वर्षांनी अट काढण्याचा अर्ज नवरा-बायकोने मिळून करायचा असल्यामुळे एकाच्या हाती दुसऱ्याला देशाबाहेर घालवण्याची धमकी आली, आणि ती निष्प्रभ करायला छळ झालेल्या जोडीदारांसाठी नंतर वेगळे अपवाद करावे लागले. ब्रिटनने सक्तीची लग्नं रोखण्याच्या नावाखाली २००८ मध्ये जोडीदाराचं किमान वय अठरावरून एकवीस केलं. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम अडवला, कारण त्याने सक्तीची लग्नं कमी होतात याला भरवशाचा पुरावा नव्हता आणि राजीखुशीने लग्न केलेल्या कितीतरी अधिक जोडप्यांची ताटातूट मात्र निश्चित होती. फसवणूक एकेका प्रकरणाच्या चौकशीने पकडता येते. पगाराची किंवा वयाची रेषा खरं लग्न आणि खोटं लग्न यांत फरकच करू शकत नाही. खोट्या लग्नासाठी पैसे घेणाऱ्याकडे पैसे असतातच.

दुसरा आक्षेप सरकारी तिजोरीवरच्या भाराचा. येणारा जोडीदार सरकारी मदतीवर जगू नये, ही अपेक्षा रास्त आहे, आणि तिची सोय कायद्यात आधीच केलेली असते. ब्रिटनमध्ये अशा जोडीदाराला सुरुवातीची वर्षं बहुतेक सरकारी भत्ते मिळत नाहीत. शिवाय आरोग्यसेवेसाठी वर्षाला १,०३५ पौंड वेगळे भरावे लागतात. अमेरिकेत नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला स्पॉन्सर गरिबी रेषेच्या सव्वापट मिळकत दाखवून लेखी हमी देतो, आणि ती हमी घटस्फोटानेही संपत नाही. इतकं झाल्यावर त्याहून मोठी रक्कम मागणं म्हणजे तिजोरीचं रक्षण राहत नाही, गरिबाने परदेशी माणसाशी लग्न करू नये असा तो संदेश होतो. उलट परिणामही होतात. जोडीदाराला अडवलं की घरात येणारी दुसरी मिळकत अडते, आणि मागे राहिलेली आई किंवा बाप एकट्याने मूल वाढवताना नोकरीचे तास कमी करतो. इंग्लंडच्या बाल आयुक्तांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा किमान पंधरा हजार मुलांचा अंदाज मांडला होता, आणि आईशी किंवा बापाशी पडद्यावरूनच बोलणाऱ्या या घरांना ‘स्काइप कुटुंबं’ हे नावच पडलं. २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मिळकतीची अट तत्त्वतः वैध ठरवली, पण मुलांच्या हिताकडे नियमांनी पुरेसं लक्ष दिलेलं नाही, असंही सुनावलं.

तिसरा आक्षेप सर्वांत तगडा आहे. कोणाला आत घ्यायचं हे ठरवण्याचा हक्क त्या देशाचा आहे. एकत्र राहायचंच असेल तर दोघांनी दुसऱ्याच्या देशात जाऊन राहावं. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी जवळपास हीच बाजू घेतली. सॅन्ड्रा म्युनोझ या लॉस एंजेलिसच्या वकील, त्यांचे पती एल साल्वादोरचे. त्यांचा व्हिसा नाकारला गेला होता. परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत हक्क अमेरिकी नागरिकालाही राज्यघटनेने दिलेला नाही, असं न्यायालय म्हणालं. तात्पुरत्या व्हिसावर स्वखुशीने गेलेल्या माणसाच्या बाबतीत ‘परत जा’ या उत्तरात काही तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. पण नागरिक आणि कायमचा रहिवासी यांना ते लागू पडत नाही. देशाने त्यांना कर भरायला, कायदे पाळायला, तिथे म्हातारं व्हायला बोलावलं आहे. लग्न करायचं तर देश सोड, ही अट त्या बोलावण्यात कुठे लिहिलेली नव्हती. आणि प्रवेशावर नियंत्रण ठेवूनही हक्क मान्य करता येतो, याचं उदाहरण समोर आहे. युरोपीय संघाच्या २००३ च्या कुटुंब एकत्रीकरणाच्या निर्देशाने बाहेरच्या देशांतून आलेल्या कायदेशीर रहिवाशांना जोडीदार आणण्याचा हक्क दिला, अर्जाचा निर्णय नऊ महिन्यांत देण्याचं बंधन घातलं, आणि फार तर पाच वर्षांनी जोडीदाराला स्वतंत्र परवाना मिळण्याची तरतूद केली. मिळकतीची अट तिथेही आहे, पण नेदरलँड्सच्या एका प्रकरणात २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने स्पष्ट केलं, की ठराविक आकड्याखाली आहे म्हणून अर्ज सरसकट फेटाळता येणार नाही. त्या कुटुंबाची परिस्थिती पाहावी लागेल. या नियमांनी युरोपातल्या देशांचं सार्वभौमत्व बुडालं नाही. ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क या निर्देशाबाहेर राहिले, आणि वर सांगितलेले युरोपातले बहुतेक कडक नियम त्यांतल्या दोन देशांतले आहेत.

तेव्हा न्याय्य नियमाच्या कसोट्या तीन आहेत. तपासणी नात्याची व्हावी आणि तिला मुदत असावी. मिळकतीची अट किमान वेतनाच्या वर जाऊ नये आणि येणाऱ्याची मिळकतही तीत धरावी. आणि आलेल्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कामाचा आणि काही वर्षांनी स्वतंत्र दर्जाचा हक्क असावा. आज या तिन्ही कसोट्यांवर पूर्ण उतरणारे देश थोडे आहेत, आणि धोरणं निवडणुकीगणिक बदलतात. म्हणून परदेशातलं स्थळ आलं की आपल्याकडे पगार, पद आणि घर विचारतात, त्याबरोबर चार प्रश्न आणखी विचारावेत. तो किंवा ती नेमक्या कोणत्या व्हिसावर आहे, लग्नानंतर जोडीदाराला किती काळ थांबावं लागेल, गेल्यावर नोकरी करता येईल का, आणि लग्न मोडलं किंवा त्याची नोकरी गेली तर तिथे राहण्याचा हक्क कोणाच्या नावावर असेल? उत्तरं तोंडी घेऊ नयेत, कागद पाहावेत. हा अविश्वास नाही; समोरच्या देशाचे अधिकारीही तेच कागद पाहणार आहेत.